राजाचा पाय आणि उंदराची गाठ

मित्रांनो, शाळेच्या प्रयोगशाळेत गोळीचा व्यास काढताना तुम्ही माझ्या एखाद्या जातभाईला हातात धरले असेल, आणि दोन रेषा नेमक्या कुठे जुळतात ते न कळल्यामुळे शेजारच्याचे उत्तर उतरवून घेतले असेल. त्याबद्दल माझा राग नाही. मी एक जुना व्हर्नियर कॅलिपर आहे. पोलादाचा, वीतभर लांब, दोन जबड्यांचा. आयुष्यभर मी एकच काम केले. जबड्यात जे आले ते केवढे आहे, एवढे सांगितले. ते चांगले की वाईट, हे मी कधी सांगितले नाही. ते लोक आपापले ठरवतात आणि नंतर माझे नाव पुढे करतात.

माझा जन्म रशियातल्या एका कारखान्यात, ऐन बर्फात झाला. अंगाला ग्रीस फासून, मेणकागदात गुंडाळून मला खोक्यात घातले आणि खोके बोटीवर चढवले. ते उघडले तेव्हा मी क्यूबात होतो आणि भोवती घामाने निथळणारी माणसे उभी होती. इथल्या बोलीत माझ्या जातीला ‘राजाचा पाय’ म्हणतात. ज्या देशाने राजाचे सरदार आणि मळेवाले यांना एकामागून एक बोटीत बसवून घरी पाठवले, तिथे माझे नाव तेवढे राहून गेले. बहुधा कोणाच्या लक्षात आले नसावे. मीही आठवण करून दिली नाही.

माझी नेमणूक मातान्सासकडच्या एका साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये झाली. साखर कारखाना म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. गाळप सुरू झाले की भोंगा, मळीचा वास आणि हवेत उडणारी चिपाडांची कुसळे. मी एवेलिओ नावाच्या फिटरच्या हाताखाली होतो, किंवा तो माझ्या. आमच्यात हा प्रश्न कधी निघाला नाही. तो बुटका, जाड मिशांचा आणि हाताचा फार हलका होता. ऊस पिळणाऱ्या लाटांचे दांडे, बेअरिंगे, खिळे, सगळे तो माझ्याकडून मोजून घेई. नवीन आलेल्या फिटरांना तो माझ्याविषयी एकच गोष्ट शिकवी.

“टेकव. दाबू नकोस. दाबलंस तर ते तुझं माप झालं, वस्तूचं नाही.”

एवेलिओला एक मुलगी होती, डामारिस. तिच्या दर वाढदिवसाला तो तिला वर्कशॉपमध्ये आणी, बाकावर उभी करी आणि माझ्या जबड्यांत तिची करंगळी धरी. टेकवी, दाबत नसे. मग माप मोठ्याने ओरडून सांगे. सगळे फिटर हातातले पाने पोलादावर बडवून तिचे अभिनंदन करीत. कित्येक वर्षे त्या मुलीची अशी समजूत होती की राजाचा पाय हा करंगळ्या मोजण्यासाठीच बनवतात आणि रिकाम्या वेळात त्याला दांड्यांचे काम देतात. ती समजूत काढून टाकावी असे मला कधी वाटले नाही.

पुढे साखरेचा भाव पडला आणि एके वर्षी कारखाना बंद झाला. यंत्रे भंगारात गेली. साहेबांनी एवेलिओला मला घेऊन जाण्याची परवानगी दिली, कारण भंगारवाल्याच्या लेखी माझे वजन काहीच नव्हते. घरी त्याने मला जुन्या बनियनमध्ये गुंडाळून खणात ठेवले. तिथे माझ्या शेजारी तुटकी रबरे, संपलेले सेल आणि एक चावी होती. चावी कोणत्या कुलपाची ते कोणालाच माहीत नव्हते, पण ती टाकायची कोणाची हिंमत होत नव्हती. मित्रांनो, निवृत्ती म्हणतात ती हीच.

डामारिस शिकली आणि हवानात एका संस्थेत लागली. ही संस्था लशी बनवते. साध्या लशी रोग होऊ नये म्हणून टोचतात. इथली एक लस मात्र रोग झाल्यावर टोचायची होती. फुप्फुसात कर्करोगाची गाठ होते तेव्हा शरीराचे पहारेकरी तिला घरातलीच समजून सलाम ठोकत बसतात. लस त्यांच्या कानात सांगते की बाबांनो, ही घरची नव्हे, हिला धरा. कानात सांगितलेले त्यांना ऐकू जाते की नाही, हे आधी उंदरांवर पाहायचे. उंदराच्या कुशीत, कातडीखाली, गाठीच्या पेशी टोचतात. गाठ धरली की काही उंदरांना लस देतात, काहींना देत नाहीत. आणि मग दर दोन-तीन दिवसांनी प्रत्येकाची गाठ मोजतात.

मोजायला संस्थेत एक आकडे दाखवणारा नवा कॅलिपर होता. त्याचा बटणाएवढा सेल संपला. तसा सेल साऱ्या हवानात मिळेना. परदेशातून मागवायचा तर अमेरिकेची नाकेबंदी आडवी येई. जग हादरवू शकणारी लस तयार होती आणि एका बटणासाठी अडून बसली होती. तेव्हा एका सोमवारी डामारिसने मला खणातून काढले आणि पिशवीत घालून कामावर नेले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर नेरेइदा ओकेंदो यांनी मला चष्म्यावरून पाहिले. ही उंच, सडपातळ बाई साखरेवाचून कॉफी पिते आणि क्यूबात हे वेडाचे लक्षण मानले जाते.

“हा ट्रॅक्टरचा सुटा भाग आहे का?” त्यांनी विचारले.

“साखर कारखान्यातला आहे, डॉक्टर. माझ्या पपाचा.”

“मग गोडच असणार. स्पिरिटने पूस आणि लाग कामाला.”

पोलादी दांड्यांनंतर मी उंदराच्या अंगाला लागलो. पहिल्या दिवशी डामारिसने पांढऱ्या उंदराला तळहातावर आडवे धरले, कुशीवरचे भादरलेले केस बाजूला केले आणि माझे जबडे त्या वाटाण्याएवढ्या गाठीला लावले. टेकवले, दाबले नाहीत. गाठ मऊ असते. थोडे दाबले की लहान भरते, आणि मग संध्याकाळी सगळे खूश होऊन घरी जातात. डामारिसचा हात मात्र तिच्या बापाचा होता. माझ्या जबड्यांना त्या दिवशी गाठीखालून एक टकटक जाणवली. उंदराचे काळीज फार भरभर चालते. ते मोजण्यासारखे होते, पण माझ्या पट्टीवर त्याला जागा नव्हती.

एक गोष्ट लपवून उपयोग नाही. गाठ एका ठरलेल्या मापापुढे गेली की त्या उंदराला औषध देऊन कायमचे झोपवावे लागे, म्हणजे त्याला पुढचे हाल सोसावे लागत नसत. ते माप माझ्याच तोंडून निघे. दांडा जाड भरला तर तो पुन्हा कातता येतो. इथे तशी सोय नव्हती. अशा दिवशी डामारिस मला दोनदा पुसत असे.

उंदरांच्या खोलीची झाडलोट, खाणेपिणे फेर्मिन नावाचा साठीचा माणूस पाही. आजाऱ्यांचा कैवारी संत लाझारो याची तसबीर त्याने खोलीच्या दारावर आतून लावली होती. डॉक्टरांनी सांगितले की आत येणारी प्रत्येक वस्तू जंतुविरहित हवी, तेव्हा संत बाहेर थांबतील. फेर्मिनने तसबीर बोळात लावली, पण तोंड दाराकडे करून. उंदरांना नावे ठेवायलाही मनाई होती, कारण नाव ठेवले की जीव गुंततो. म्हणून फेर्मिन सगळ्यांना सरसकट ‘साहेब’ म्हणे. त्यामुळे जीव किती कमी गुंतला, ते पुढे येईलच.

याच सुमारास एवेलिओला खोकला लागला. आधी तो चिरुटाचा आहे असे ठरले, मग दमट हवेचा, मग म्हातारपणाचा. शेवटी छातीचे चित्र काढून पाहिले तेव्हा तो फुप्फुसातल्या गाठीचा निघाला. डामारिसने त्याला हवानात आपल्या घरी आणले. येताना त्याने दोन सदरे आणि आपली उशी आणली. ही उशी सावरीच्या कापसाची होती. कारखान्याच्या फाटकाशी काटेरी खोडाची एक प्रचंड सावर होती, तिची बोंडे फुटली की उडणारा कापूस त्याच्या बायकोने झग्याच्या घोळात गोळा करून ती भरली होती. बायको गेली, कारखाना गेला, उशी राहिली.

आता कोणाचे काय पणाला लागले होते, ते तुमच्या ध्यानात आले असेल. उंदरांवर लस लागू पडली, तर मंजुरी देणारी समिती ती माणसांना टोचायला परवानगी देणार होती. पहिले रोगी ज्या इस्पितळातून घ्यायचे, तिथेच एवेलिओचे उपचार चालू होते. डामारिसने डॉक्टरांना विचारून पाहिले. डॉक्टरांनी शब्द दिला नाही. त्या फक्त “बघू” म्हणाल्या. ज्यांच्या घरात आजारी माणूस असते, त्यांना “बघू” या शब्दात काय काय दिसते, ते मी अनेकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

आता चूक कशी झाली ते सांगतो. चूक कोणी वाईट हेतूने केली नाही. तशी केली असती तर ती लवकर सापडली असती.

ही लस तेलात घोटून देतात. तेल परदेशातून येते, म्हणजे क्वचित येते. नियमाप्रमाणे लस न मिळणाऱ्या उंदरांनाही नुसते तेल टोचायला हवे होते. म्हणजे मग कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे मोजणाऱ्याला कळत नाही. पण तेल पुरेना. डॉक्टर म्हणाल्या, दुसऱ्या गटाला मिठाचे पाणी द्या, चालेल. आता तेलाची सुई दुखते आणि तिची एक बारीक गुठळी कातडीखाली राहते. डामारिसच्या बोटांना ती पहिल्याच दिवशी लागली. पिंजऱ्यांवर नुसते आकडे होते, पण लस कोणाला मिळाली ते ती न विचारता जाणून होती.

आणि खोली थंड होती. उंदरांच्या खोलीत किती गारवा ठेवायचा ते पुस्तकात लिहिलेले असते. तो गारवा अंगात दोन कोट घालून काम करणाऱ्या माणसाला घाम येऊ नये म्हणून ठरलेला आहे. उंदरांचे मत कोणी घेतलेले नाही. त्यातून वीज जाऊन आली की ते थंड करणारे यंत्र उपाशी माणसासारखे सुटे. लस टोचलेले उंदीर अंगाची मुटकुळी करून, केस पिंजारून बसत. दुखत होते आणि थंडीही वाजत होती.

डामारिसने हे घरी जेवताना सांगितले. एवेलिओने काळ्या घेवड्याचा भात बाजूला सारला, उशीच्या शिवणीत बोट घातले आणि मूठभर कापूस काढून तिच्या पुढे ठेवला.

“ने त्यांना,” तो म्हणाला. “निदान कुणीतरी या उशीवर खोकल्याशिवाय झोपू दे.”

तिने तो कापूस संस्थेच्या यंत्रात वाफवून शुद्ध केला. नियम पाळणारी मुलगी होती. मग लस टोचलेल्यांच्या पिंजऱ्यांत एकेक झुबका ठेवला, कारण दुखत त्यांना होते. उंदरांनी तो दातांनी पिंजला, त्याची घरटी केली आणि आत शिरून दिसेनासे झाले. कापूस संपला की एवेलिओ आणखी देई. उशी दिवसेंदिवस बसत चालली होती आणि माझी मापे दिवसेंदिवस सुंदर होत चालली होती.

हो मित्रांनो, लस लागू पडत होती. मिठाच्या पाण्यावरच्या उंदरांच्या गाठी फुगत होत्या. लस घेतलेल्यांच्या गाठी जागच्या जागी थबकल्या, काहींच्या तर आटल्या. डॉक्टर नेरेइदांनी आकडे पाहिले, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी कॉफीत साखर घातली. संस्थेत निळ्या-पांढऱ्या मेरेंगच्या फेसाचा केक आला. संचालकांनी भाषण केले. त्यांनी मला उंच धरले, उलटे, आणि म्हणाले की या साध्या पोलादाने साऱ्या जगाला दाखवून दिले आहे. टाळ्या झाल्या. एवढे कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आले नाही आणि ते उलटे लटकून ऐकावे लागले. समितीची बैठक शुक्रवारी ठरली. डामारिसने एवेलिओसाठी केकचा तुकडा कागदी रुमालात बांधून घरी नेला.

बुधवारी सकाळी शेवटची मोजणी होती. लस घेतलेले सगळे झाले. पाण्यावरचेही बरेच झाले. अगदी कोपऱ्यातला, थंड वाऱ्याच्या तोंडावरचा पिंजरा शेवटी उरला. त्यातल्या उंदरांना लस नव्हती. डामारिसने पहिला उंदीर उचलला आणि मला लावले. गाठ मागच्या खेपेएवढीच भरली. तिने मला पुसून पुन्हा लावले. तेवढीच. दुसरा उंदीर, तिसरा उंदीर. सगळ्यांच्या गाठी थबकलेल्या, जणू लस यांनाही मिळाली होती. तिने बोटांनी चाचपून पाहिले. तेलाची गुठळी नव्हती. मग तिने पिंजऱ्यात वाकून पाहिले. आत पांढऱ्या कापसाचे एक नीटस घरटे होते.

तिने फेर्मिनला हाक मारली.

“इथे कापूस कुणी घातला?”

“मीच. मागची मोजणी झाल्यावर. तुझा उरला होता थोडा.”

“का घातलास?”

“का म्हणजे? वारा थेट यांच्या डोक्यावर येतो. बाकीचे साहेब गादीवर लोळतायत आणि हे एकमेकांच्या पाठीवर बसून कुडकुडतायत. यांनी काय कुणाचं घोडं मारलंय?”

“यांना लस नाहीये, फेर्मिन.”

“म्हणून तर. लस नाही ती नाही, वर गादीसुद्धा नाही? मिठाचं पाणी प्या आणि गारठून मरा, हा कुठला न्याय?”

डामारिस पिंजऱ्याकडे वळली. तिने शेवटचा उंदीर तळहातावर घेतला. तेव्हा जे झाले ते फक्त मला माहीत आहे. तिच्या अंगठ्याखाली माझे चाक असते. ते तिने एवढेसे मागे ओढले आणि माझे जबडे गाठीपासून जरा दूर उघडे राहिले. तिथेच थांबून वाचले असते, तर गाठ मोठी भरली असती. या एका पिंजऱ्यात सगळ्यांना तेवढीच सूट दिली असती, तर शुक्रवार सुखाचा गेला असता. मी बोलू शकत नाही. दोन जबड्यांच्या मध्ये हवा आहे की उंदीर, हेही मी सांगू शकत नाही. उंदराची टकटक माझ्यापर्यंत पोचत नव्हती. मग तिने चाक पुढे ढकलले. जबडे टेकले. टकटक पुन्हा लागली. तिने खरे माप मोठ्याने वाचले, जसे तिचा बाप वाचत असे. टाळ्या वाजवायला तिथे कोणी नव्हते.

दुपारी मला कोटाच्या खिशात तसेच ठेवून ती घरी गेली. एवेलिओ गच्चीच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. मांडीवर त्याची उशी होती. आता तिला उशी म्हणणे हा सभ्यपणा होता. डामारिसने त्याला सगळे सांगितले. थंडीत कुडकुडणाऱ्या उंदराची सारी ताकद ऊब धरण्यात जाते, लढायला उरत नाही. ऊब मिळाली की त्याचे पहारेकरी आपोआप जागे होतात. तेव्हा गाठी लशीने थांबल्या की कापसाने, हे आता देवालाही सांगता येणार नाही. एवेलिओ खोकत खोकत हसला.

“म्हणजे माझी उशी औषध निघाली? आणि मी इतकी वर्षं डोक्याखाली घेतोय. छातीवर घ्यायला हवी होती.”

“चेष्टा करू नकोस, पपा. परवा बैठक आहे.”

“मग?”

“मग काय? बैठक झाली की तुमच्या इस्पितळातले लोक घेणार. आता मी बोलले तर सगळं पहिल्यापासून. तोपर्यंत...”

तिने त्याच्या मांडीवरची उशी उगाच नीट केली. खाली रस्त्यावर आंबेवाला ओरडत गेला. मग एवेलिओ म्हणाला,

“तिथे बाकावर माझ्याबरोबर बसतात ते सगळे मला ओळखतात, पोरी. कुणाचा बाप आहे, कुणाची आई आहे. त्यांना लस म्हणून माझी उशी टोचणार तुम्ही?”

डामारिस रडू लागली. एवेलिओने तिच्या खिशातून मला काढले. त्याच्या हातात मी किती वर्षांनी आलो होतो. हात हाडकुळा झाला होता, पण पकड तीच होती.

“करंगळी दे,” तो म्हणाला.

“पपा, हे काय आता?”

“दे म्हटलं ना.”

तिने करंगळी पुढे केली. त्याने ती माझ्या जबड्यांत धरली. टेकवली, दाबली नाही. चष्मा नव्हता म्हणून त्याने मला डोळ्यांच्या अगदी जवळ नेले आणि माप वाचले.

“काही वाढली नाहीस,” तो म्हणाला. “जा आता. बस चुकेल.”

डॉक्टर नेरेइदांनी तिचे बोलणे उभ्याउभ्याच ऐकले. मग त्या खाली बसल्या.

“कापूस,” त्या म्हणाल्या.

“हो, डॉक्टर.”

“आपण रेणू मोजतो, पेशी मोजतो, आणि उशी विसरतो.” त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “मिठाचं पाणी चालेल, हे मी म्हटलं होतं. तेल वाचवायला. तुला कळलंच नसतं कोणता उंदीर कुठला, तर तू कापूस सगळ्यांना दिला असतास, नाही का?”

“कुणालाच दिला नसता बहुतेक. एवढा कुठे होता?”

“तेही खरंच.”

शुक्रवारी त्यांनी समितीपुढे कापसाची हकीकत जशीच्या तशी सांगितली. समितीने ती लक्षपूर्वक ऐकली आणि मंजुरी दिली नाही. संचालक काही दिवस कोणाशी बोलले नाहीत. केक तर खाऊन झाला होता. तो परत करता येत नव्हता.

मग सगळे पहिल्यापासून. या खेपेस सगळ्या उंदरांना तेल मिळायचे होते, काहींना लशीसह आणि काहींना नुसते. आणि कापूसही सगळ्यांना. तेलासाठी डॉक्टरांनी कोणाकोणाच्या नाकदुऱ्या काढल्या, ते त्यांनी कधी सांगितले नाही. कापूस मात्र दारात उभा होता. संस्थेच्या मागच्या अंगणात एक सावर आहे, तिची बोंडे नुकतीच फुटू लागली होती. इथल्या लोकांत सावर हे पवित्र झाड आहे. तिच्याकडून काही घ्यायचे तर आधी विचारावे लागते. फेर्मिनने टोपी काढून झाडाला रीतसर विचारले. डॉक्टर पिशव्या घेऊन मागे उभ्या होत्या. संचालक खिडकीतून पाहत होते. या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही, असे ते नेहमी सांगतात, पण त्यांचेही ओठ हलत होते. मग साऱ्या प्रयोगशाळेने पांढरे कोट घालून अंगणभर कापसामागे धावपळ केली. एवढे शिकलेले लोक इतके वाकलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते.

डामारिस म्हणाली, “मोजायला आता मला बसवू नका.” डॉक्टर म्हणाल्या, “तूच बसायचंस. तुझा हात सगळ्यांत हलका आहे. आता गुठळी सगळ्यांना आहे, तुला काही कळणार नाही. माया कर हवी तेवढी. फक्त सगळ्यांवर सारखी कर.”

त्याच आठवड्यात फेर्मिन एवेलिओला भेटायला गेला. खांद्यावर फुगलेली पिशवी होती. ती त्याने खुर्चीपाशी ठेवली आणि सांगितले की हा कापूस उंदरांनी परत पाठवला आहे, आभार कळवले आहेत. एवेलिओने तोंड गंभीर ठेवून विचारले की साहेब लोकांची झोप कशी आहे. फेर्मिन म्हणाला, ठीक आहे, पण घोरतात. दोघांनी मिळून उशी भरली आणि शिवण एवेलिओने स्वतः घातली. ती अगदी सरळ रेषेत होती. मोजायची गरज नव्हती.

आंब्यांचा हंगाम संपता संपता एवेलिओ गेला. उशी भरलेली होती. डामारिस तीन दिवस आली नाही आणि त्या तीन दिवसांत डॉक्टरांनी कोणालाही मला हात लावू दिला नाही. चौथ्या दिवशी ती आली, तिने हात धुतले, मला स्पिरिटने पुसले आणि पिंजरा उघडला. माझ्या जबड्यांना तिची बोटे त्या दिवशीही तेवढीच हलकी लागली.

निकाल लागला तेव्हा डॉक्टरांनी कोणाला केक आणू दिला नाही. आता सगळेच उंदीर उबेत होते, त्यामुळे सगळ्यांच्याच गाठी सावकाश वाढल्या. पण लस घेतलेल्यांच्या आणखी सावकाश. पूर्वीसारखा डोळे दिपवणारा फरक नव्हता. नीट मोजले तरच दिसे एवढाच होता.

“लहान आहे,” डामारिस म्हणाली.

“लहान आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण उशीचा नाही, लशीचा आहे.”

समितीने या वेळी मंजुरी दिली. पहिली सुई हवानाच्या रेग्ला भागातल्या एका म्हाताऱ्या शिंप्याला टोचली. इस्पितळाच्या बाकावर तो एवेलिओच्या शेजारी बसत असे. त्याचे पुढे काय झाले, हे सांगण्याइतकी वर्षे अजून लोटलेली नाहीत, आणि मोजून झाल्याखेरीज बोलायची मला सवय नाही. उंदरांच्या खोलीत मात्र एक नवा नियम लागला आहे: प्रत्येक पिंजऱ्यात कापूस, कोणत्याही गटाचा असो. नियमाखाली डॉक्टरांची सही आहे. संत लाझारो अजून बोळातच आहेत.

मित्रांनो, आता मी पुन्हा खणात असतो, पण प्रयोगशाळेतल्या. परदेशातून आकडे दाखवणारा नवीन कॅलिपर भेट आला आहे. तो देखणा आहे आणि अंधारात चमकतो. त्याचा सेल संपला की मला हाक येते. सेल बराच वेळा संपतो, हे मी समाधानाने नमूद करतो. तुमच्याही घरात माझ्यासारखे एखादे जुने हत्यार पडले असेल. त्याला तेलाचे बोट लावा, कोरड्या फडक्यात गुंडाळा, आणि त्याच्याकडे काही मोजायला न्याल तेव्हा खाली एक टकटक चालू आहे असे समजून न्या. बहुतेक वेळा ती असतेच.

वर्षातून एकदा माझा खण सेल संपलेला नसतानाही उघडतो. डामारिस दार लोटून घेते, मला बाहेर काढते आणि स्वतःची करंगळी माझ्या जबड्यांत धरते. ते बोट आता वाढत नाही. माप दर वर्षी तेच येते. तरी ती ते मोठ्याने वाचते. बाहेरून फेर्मिन झाडूच्या दांड्याने पिंजऱ्याच्या पोलादावर दोनदा ठोकतो.

टेकवते. दाबत नाही.